गेनबा, माजी उपमहापौर

आमच्या शेजारच्या व्हिलात लरीसा नावाची दातांची रशियन डॉक्टर राहायला आली, तेव्हा तिने सगळ्यांना सांगितलं होतं की वडील पंधरा दिवसांसाठी येणार आहेत. वडील आले आणि राहिलेच. कतारमध्ये, उम्म सलाल मोहम्मदमधल्या आमच्या एका भिंतीआतल्या व्हिलांच्या छोट्या कंपाउंडमध्ये याचं कुणाला नवल वाटलं नाही. मी स्वतः एका प्रोजेक्टपुरता आलो होतो आणि आता माझी मुलगी दहावीत आहे.

त्यांची माझी पहिली भेट शुक्रवारी सकाळी झाली. मी हाफपँटवर, हातात भिजवलेल्या पोह्यांची चाळणी. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर भर जूनमध्ये कोट आणि टाय घातलेले एक उंच, रुंद, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ समोर उभे. मी हात पुढे केला. त्यांनी आपला हात झटकन मागे घेतला, दोन पावलं मागे सरकले आणि मला बोटाने बाहेर बोलावलं. मला वाटलं, आपली गाडी यांच्या गाडीला घासली असणार. मी अनवाणीच बाहेर आलो. फरशी तव्यासारखी तापली होती. मग त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो काही सोडेचनात. उंबरठ्यावरून हात मिळवला तर माणसांचं भांडण होतं, असं त्यांच्याकडे मानतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत ऐकत होतो.

त्यांनी माझं नाव विचारलं. मी श्रीपाद म्हटलं. मग वडिलांचं विचारलं. मी म्हटलं, वडील आता नाहीत. त्यांनी मान झुकवली आणि पुन्हा वडिलांचं नाव विचारलं. दत्तात्रय, असं मी सांगताच त्यांचा चेहरा उजळला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘श्रीपाद दत्तात्रयोविच’ झालो. त्यांचं स्वतःचं नाव गेन्नादी आर्काद्येविच, म्हणजे आर्कादीचे चिरंजीव गेन्नादी. जगात वडिलांचं नाव मधे लावायची अक्कल रशियन आणि मराठी एवढ्या दोघांनाच आहे, असं माझं त्या दिवशी मत झालं. माझी बायको मंजिरी मात्र अडचणीत आली. तिचं लग्नानंतर मधलं नाव श्रीपाद. हे ऐकून गेन्नादी आर्काद्येविच फार अस्वस्थ झाले. लग्न केलं म्हणून बाप कसा बदलतो, असं त्यांनी विचारलं. त्यांनी तिला तिथल्या तिथे ‘मंजिरी वसंतोव्ना’ करून टाकलं, आणि माझ्या सासऱ्यांचं नाव आमच्या घरात रोज घेतलं जाऊ लागलं.

निघताना त्यांनी एक प्रश्न विचारला, जो ते भेटेल त्याला विचारत: ‘इथे काय बिघडलंय?’ मी काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, पार्किंगमधला दिवा जातो-येतो. दुसऱ्या दिवसापासून ते कंपाउंडच्या इजिप्शियन मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन बसायला लागले. भांडायचे नाहीत. नुसते बसायचे, चहा प्यायचे आणि निघताना दिव्याबद्दल विचारायचे. मॅनेजर ‘इन्शाल्ला’ म्हणायचा, हे दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आठवड्याच्या आत नवा दिवा लागला. निवडून न येता काम करणारा एवढा एकच लोकप्रतिनिधी मी पाहिलाय.

त्याच सुमारास माझी आई संगमनेरहून तीन महिन्यांसाठी आली होती. तिला ‘गेन्नादी’ काही जमेना. दोन दिवस तिने प्रयत्न केला आणि मग म्हणाली, ‘एवढं तोंड वाकडं कशाला करायचं? गेनबाच की ते.’ तिच्या एका चुलत मामाचं नाव गेनबा होतं. झालं. सगळं कंपाउंड त्यांना गेनबा म्हणू लागलं. त्याचा अर्थ त्यांनी विचारला तेव्हा आईने सांगितलं, आमच्याकडचे मोठे शेतकरी होते. ते खूश झाले. त्यांचे आजोबाही शेतकरी होते.

ते चहात जॅम घालून प्यायचे. आईने एकदा त्यांच्यापुढे चहाबरोबर मोरांबा ठेवला, चवीला म्हणून. त्यांनी तो चमच्याने उचलून चहात सोडला आणि ढवळला. आई बघतच राहिली. ते प्याले, डोळे मिटले आणि रशियनमध्ये बराच वेळ काहीतरी बोलले. आई मराठीत म्हणाली की कैरी राजापुरी असली पाहिजे, तोतापुरीला ही चव येत नाही. त्यांचं असं तासन्‌तास चालायचं. अडलं की माझ्या मुलीला, इराला, मधे ओढायचे. इरा हे रशियातही मुलीचं नाव असतं, म्हणून ती त्यांची लाडकी. घरात आम्ही मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी आजीचं म्हणणं त्यांना आणि त्यांचं आजीला सांगता सांगता कधी मराठी बोलायला लागली, ते आम्हाला कळलंच नाही.

गेनबा राजकारणी होते आणि इतिहास लिहायचे. ही दोन्ही कामं एकाच माणसाने करू नयेत, असं ते स्वतःच सांगायचे. थंडी पडली की आम्ही संध्याकाळी कंपाउंडच्या आतल्या रस्त्यावर फेऱ्या मारायचो. त्यांची सगळी कारकीर्द मी त्या फेऱ्यांमध्ये ऐकली. ए, अॅन आणि द यांना पूर्ण फाटा दिलेलं त्यांचं इंग्रजी सवयीने कळायला लागतं.

एका मोठ्या नदीच्या काठच्या लहान शहरात ते शाळेत इतिहास शिकवायचे. शाळेचं छप्पर गळत होतं. तक्रार करायला नगरपालिकेत गेले आणि सवयीप्रमाणे त्यांनी छपराचा पहिल्यापासूनचा इतिहास सांगितला: कुठल्या महापौराने काय कबूल केलं, कुठला पत्रा कुठे गेला. सभागृह हसून लोळलं. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्यांना उभं केलं, आणि ते निवडून आले. काही वर्षांत उपमहापौर झाले. त्याच वेळी शहराचा इतिहास लिहिणं चालू होतं. रोज पहाटे उठून लिहायचे आणि दहा वाजता ऑफिसला जायचे.

‘सकाळी मी इतिहासकार असायचो,’ ते म्हणायचे, ‘आणि दहानंतर पुढारी. दहा वाजताची वेळ फार कठीण.’

शहराच्या स्थापनेला तीनशे वर्षं झाली म्हणून मोठा उत्सव ठरला. प्रांताचे गव्हर्नर येणार होते. कमानी उभ्या राहिल्या, बँडची तालीम झाली, आणि सगळी जबाबदारी उपमहापौरांवर. नेमकं त्याच आठवड्यात पहाटेच्या गेनबांना असं दिसलं की ज्या जुन्या हुकुमावरून शहराचं वय मोजतात, तो हुकूम आपल्या शहराचा नाहीच. नदीच्या पलीकडे त्याच नावाचं एक खेडं आहे, त्याचा आहे. आपलं शहर त्याहून दोन पिढ्यांनी लहान. ते धावत महापौरांकडे गेले. महापौरांनी शांतपणे विचारलं, हे कोण म्हणतो? गेनबा म्हणाले, त्या काळचा एक सरकारी कारकून. महापौर म्हणाले, ‘तो आपला मतदार आहे का?’

गेनबा गप्प राहिले. भाषणं झाली, बँड झाला, तरी गप्प राहिले. शेवटी गव्हर्नरसाहेबांनीच मोठ्या प्रेमाने त्यांना पुढे बोलावलं आणि शहराचे इतिहासकार म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं. गेनबा दोनच शब्द बोलले.

‘कोणते?’ मी विचारलं.

‘अजून नाही.’

उपमहापौरपद त्याच महिन्यात गेलं. पण पलीकडचं खेडं त्यांच्यावर बेहद्द खूश झालं. पिढ्यान्‌पिढ्या त्या खेड्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता ते शहरापेक्षा वडीलधारं ठरलं होतं. त्या बाजूच्या मतांवर गेनबा थेट प्रांताच्या विधानसभेत पोचले. खेड्याची एकच मागणी होती: नदीवर पूल. गेनबांनी पूल देण्याचं कबूल केलं. पुलाच्या फायली फिरत राहिल्या, आणि गेनबांच्या पहाटेही चालू राहिल्या. पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर त्यांच्या इतिहासाचा शेवटचा खंड छापून आला. त्यात एक प्रकरण पुलाचं होतं. हा पूल बांधून देतो असं आजवर कोणकोण म्हणालं, ते सगळे त्यात क्रमाने होते. झारचे अधिकारी, मग क्रांतीनंतरचे अधिकारी, मग त्यांच्यानंतरचे, आणि सगळ्यात शेवटी गेन्नादी आर्काद्येविच स्वतः.

विरोधी उमेदवाराने दुकानातल्या सगळ्या प्रती उचलल्या. त्यांचं कुठलंही पुस्तक संपलं ते तेव्हाच. मग तो सभांमधून ते प्रकरण मोठ्याने वाचून दाखवू लागला, तळटीपांसकट. शहराने गेनबांना पाडलं, आणि खेड्यानेही पाडलं.

‘दोन काठांचं कधी कशावर एकमत झालं नव्हतं,’ गेनबा म्हणाले. ‘मी केलं. तेही पुलाशिवाय.’

मी त्यांना विचारलं की स्वतःचं नाव घालायची काय गरज होती? निवडणुकीनंतर छापायचं. ते चालता चालता थांबले. त्यांना माझा प्रश्न खरोखरच कळला नसावा, असं वाटलं.

‘श्रीपाद दत्तात्रयोविच,’ ते म्हणाले, ‘मी माझ्या आधी थांबलो असतो, तर ते पुस्तक नसतं झालं. प्रचाराचं पत्रक झालं असतं.’

हरल्यानंतरच्या हिवाळ्याबद्दल मात्र ते फारसं बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले की त्या हिवाळ्यात रस्त्यात कुणी नमस्कार करत नसे, दोन्ही काठांना. बायको नीना होती तोवर ठीक होतं. त्यांचे सगळे खंड शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच, आणि समासात जागोजागी ‘लांबतंय’ असं लिहिणारीही तीच. ती गेल्यावर लरीसाने त्यांना इकडे आणलं.

आता आमच्या मंडळाकडे येतो. दोह्यातलं मोठं मंडळ वेगळं. हे आमच्या बाजूच्या मराठी घरांचं, दिवाळीला एकत्र जमून फराळ करण्यापुरतं. त्याचे संस्थापक दोन. म्हणजे दोघांचंही म्हणणं होतं की संस्थापक एकच, आणि तो मी. एक मालवणकडचे परुळेकर, दुसरे साताऱ्याकडचे जगदाळे. दोघे एके काळचे जिवलग मित्र, आणि याच मुद्द्यावरून कित्येक वर्षं अबोला. दिवाळीला दोन समया लागायच्या, दोन भाषणं व्हायची. एकमेकांना काही कळवायचं झालं तर मला फोन, कारण सेक्रेटरी व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

मंडळाच्या वाढदिवसानिमित्त स्मरणिका काढायचं ठरलं आणि तिच्यात मंडळाचा इतिहास हवा असं निघालं. परुळेकरांनी लिहिलेला जगदाळ्यांना चालणार नव्हता, आणि उलटही तेच. मीटिंग तिथेच अडली. तेव्हा मंजिरी म्हणाली, ‘आपल्या शेजारी इतिहासकार रिकामे बसलेत.’ सगळ्यांना एकदम पटलं. त्यांना मराठी येत नव्हती, त्यामुळे ते कुणाची बाजू घेण्याचा प्रश्नच नव्हता.

गेनबांनी कोट चढवला. मी दुभाषा म्हणून बरोबर. त्यांची पद्धत त्यांनी मला आधीच सांगून ठेवली होती: कुणी काय केलं ते माणसांना विचारायचं नाही, काय खाल्लं ते विचारायचं. केलेल्याबद्दल सगळे खोटं बोलतात, खाल्लेल्याबद्दल कुणी बोलत नाही.

परुळेकर म्हणाले, पहिली बैठक माझ्या घरी, मीच सगळ्यांना बोलावलं. गेनबांनी मान डोलावली आणि विचारलं, खायला काय होतं? परुळेकरांनी डोळे मिटले. बटाटेवडे, म्हणाले, कॅफेटेरियातून आणलेले, गार झालेले. आणि एक केक. दुसऱ्या दिवशी जगदाळे म्हणाले, बैठक परुळेकरांच्या घरी असेल, पण कल्पना माझी. खायला? गार बटाटेवडे. आणि केक होता, त्यावर ‘हॅपी जर्नी’ लिहिलं होतं.

गेनबांनी विचारलं, ‘प्रवासाला कोण निघालं होतं?’

जगदाळे चष्मा पुसायला लागले. हाच प्रश्न आम्ही परत जाऊन परुळेकरांना विचारला, तर त्यांनीही चष्मा पुसायला काढला. मग आतून परुळेकरवहिनीच म्हणाल्या, ‘सोनटक्के भावजी. दुसरं कोण?’

ती पहिली बैठक नव्हतीच. तो निरोपसमारंभ होता. सोनटक्के नावाचा दोघांचा सामाईक मित्र कतार कायमचं सोडून नागपूरला चालला होता. त्याच्यासाठी सगळी मराठी घरं पहिल्यांदा एकत्र आली, सगळ्यांना बरं वाटलं, आणि दरवर्षी असंच भेटू या असं घोळक्यात कुणीतरी म्हणालं. झालं मंडळ. नंतर सोनटक्क्यांचं काय झालं, ते वहिनींना ठाऊक नव्हतं. गेनबांनी दोन आठवडे लावून ते शोधलं. सोनटक्के कतारमध्येच होते. उत्तरेला, अल रुवैसला, बंदरावर.

आम्ही गाडी काढून गेलो. दार उघडणारे गृहस्थ आमच्या तोंडून मंडळाचं नाव ऐकताच आत पळाले, आणि मग शर्ट घालून बाहेर आले. भिंतीवर निरोपाला दिलेलं घड्याळ चालू होतं. सोनटक्क्यांनी सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी त्यांनी फार मोठं भाषण केलं होतं. आता या वाळवंटात पाऊल टाकणार नाही, असं म्हणाले होते. जगदाळे रडले होते, परुळेकरांनी गाणं म्हटलं होतं. आणि पुढे काही महिन्यांतच नवं काँट्रॅक्ट मिळालं. एवढं रडवल्यावर कुठल्या तोंडाने परत जायचं? यंदा राहू दे, पुढच्या दिवाळीला जाऊ, असं करता करता केस पांढरे झाले. आपल्या निरोपातून मंडळ निघालं, हे त्यांना ठाऊक होतं. ते दोघे मित्र एकमेकांशी बोलत नाहीत, हे मात्र ठाऊक नव्हतं. ते ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. गेनबांनी त्यांना दिवाळीला यायचं आमंत्रण दिलं. ते ‘इन्शाल्ला’ म्हणाले, म्हणजे येणार नव्हते. निघताना आम्हाला एक भलामोठा हमूर मासा दिला.

परतताना मी गेनबांना समजावलं. दोघेही साठीला टेकलेत, दोघांनी मिळून स्थापना केली असं लिहा. ते म्हणाले, असली वाक्यं त्यांना झोपेत लिहिता येतात, इतकी वर्षं दहानंतर तेच तर केलं. या कंपाउंडमध्ये लोक आपल्याला हात करतात, हे त्यांना फार आवडायचं. तेवढंच त्यांच्याकडे उरलं होतं, आणि तेही पणाला लागलंय हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी मनात म्हटलं, या वेळी शहाणपणाने घेतील.

दिवाळीचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दोन समया लागल्या. मग गेनबा उभे राहिले आणि मी शेजारी, भारतातून आलेल्या आई-आज्यांसाठी मराठीत सांगायला. ते पाचेक मिनिटं इंग्रजीत बोलले: वडे, केक, घड्याळ, अल रुवैस, सगळं. हे मंडळ कुणीच स्थापन केलेलं नाही, असं म्हणाले. एक मित्र जाणार म्हणून सगळ्यांना वाईट वाटलं, त्यातून ते झालं, आणि याहून चांगला पाया त्यांनी कुठल्याही शहराचा पाहिला नाही. मग माझ्याकडे बघून थांबले. मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘हे मंडळ आपण सर्वांनी मिळून स्थापन केलं.’

दिवाळीसाठी पुन्हा आलेली माझी आई पहिल्या रांगेतून म्हणाली, ‘श्रीपाद, गेनबा एवढं लांबलचक बोलला आणि तू एवढंच सांगतोस?’

ज्यांना इंग्रजी कळत होतं ते आधीच खाली मान घालून हसत होते. मी निमूटपणे सगळं सांगितलं.

परुळेकर उठले. जगदाळेही उठले. परुळेकर संतापाने वळले, आणि त्यांच्या समोर जगदाळेच होते.

‘जगदाळे, हा बाहेरचा माणूस आपल्याला शिकवणार?’

‘तेच म्हणतोय मी,’ जगदाळे म्हणाले.

कित्येक वर्षांतली ही त्यांची पहिली वाक्यं. दोघे तरातरा बाहेर गेले. थोड्या वेळाने मी बघायला गेलो, तर फराळाच्या टेबलाशी खांद्याला खांदा लावून उभे होते, चिवडा खात होते आणि रशियाच्या नावाने खडे फोडत होते. पुढच्या शुक्रवारी दोघे एकाच गाडीतून अल रुवैसला गेले, सोनटक्क्यांकडून हे सगळं खोटं आहे असं वदवून घ्यायला. आले ते मासे घेऊन. तेव्हापासून महिन्यातून एकदा तिघे गळ टाकायला जातात.

स्मरणिकेत इतिहासाच्या जागी चकलीची कृती छापली. गेनबांना पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं गेलं नाही. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते पडदे लावून बसले होते. त्यांना वाटत होतं, तो हिवाळा पुन्हा सुरू झाला. तेवढ्यात बेल वाजली. जगदाळेवहिनींनी ड्रायव्हरबरोबर लाडूंचा डबा पाठवला होता. गेनबांनी डबा उघडला, एक लाडू हातात घेऊन बघितला आणि मला विचारलं, हा निषेध आहे का? मी म्हटलं, नाही, लाडूच आहे. त्यांनी तो सबंध खाल्ला, सावकाश, आणि मग उठून पडदे उघडले.

पुढच्या वर्षी लरीसाला दुसऱ्या देशात नोकरी मिळाली. सामान न्यायला ट्रक आला त्या दिवशी गेनबा लरीसाच्या गाडीत बसायला तयार नव्हते. ते ट्रकमध्ये पुढे, बांगलादेशी ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसले. आम्ही सगळे फाटकाशी उभे. ट्रक सुरू होण्याआधीच त्यांनी त्याला त्याच्या गावाचं नाव विचारलं होतं, आणि गावाला कुठली नदी आहे तेही. ट्रक फाटकाबाहेर पडून समोरच्या राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकाला लागला. काच खाली होती. ड्रायव्हर एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने नदी कुठून कशी वळते ते दाखवत होता, आणि गेनबा त्याच्याकडे वाकून ऐकत होते. दोह्याकडे वळायचा फाटा आला आणि गेला. लरीसाने मागून हॉर्न वाजवला. ट्रक पुन्हा आमच्या समोरून गेला. गेनबांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. दुसऱ्या खेपेलाही तो फाटा आला तेव्हा ती नदी अजून समुद्राला मिळाली नसावी, कारण ट्रक तिसऱ्या फेरीला निघाला होता.